उकिरड्याचे अर्थशास्त्र

पुणे शहराचा कचरा कोठे जातो, हा प्रश्न पुणेकरांना एरवी पडत नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची येथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या जेव्हा जेव्हा अडविल्या, तेव्हा तेव्हा तो पडला आणि गाड्या पुन्हा सुरू होताच विसरला गेला. एप्रिल २०१७ मध्ये उरुळी देवाचीच्या डेपोला आग लागली, आसपासचा परिसर धुराने कोंदून गेला आणि ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा वेशीवरूनच परत पाठविला. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले, पालिकेवर टीकेची झोड उठली, मंत्रालयात बैठका झाल्या. ह्या साऱ्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखविली नाही. कुजून वास मारणारा तो कचरा कारखान्यांतून आलेला नव्हता; तो बहुतांशी घराघरांतील ओट्यावरून आलेला होता.

कचऱ्याचा एक भूगोल असतो आणि तो वस्तीच्या ऐपतीप्रमाणे बदलतो. एके काळी पुण्याचा कचरा डेपो कोथरूडला होता. कोथरूडला मध्यमवर्गाची घरे उभी राहिली, तक्रारी वाढल्या आणि तो डेपो बंद झाला. त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. कचरा मात्र संपला नाही. तो पंधरा-वीस किलोमीटर पूर्वेला सरकला आणि तेथील विहिरींत उतरला. डेपोतून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्याची फुरसुंगीकरांची तक्रार जुनी आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘बाह्य व्यय’ म्हणतात, त्याचे याहून ठळक उदाहरण वर्गात शिकविण्यासाठी मिळणे कठीण. वस्तूचा उपभोग एकाने घ्यावा, तिची किंमत दुसऱ्याने मोजावी आणि ह्या व्यवहाराची कोणत्याही खतावणीत नोंद असू नये, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडील शहरांच्या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात. ह्या ओल्या कचऱ्यात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे घंटागाडीपासून डेपोपर्यंत डिझेल जाळून पालिका जे वाहून नेते, त्यातील मोठा हिस्सा पाणी असतो. हे पाणी ढिगाच्या तळाशी जाऊन विषारी होते. वर दडपलेल्या थरांना हवा मिळत नाही, तेव्हा तेथे मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या पंचवीसपटींहून अधिक तापदायक ठरतो आणि पेटही घेतो. मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासूनचा. २०१६ च्या जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये तेथे लागलेल्या आगींचा धूर मुंबईकर विसरलेले नसतील. तीच साल आणि तोच भात हवा मिळेल अशा रीतीने घरातच कुजविला, तर त्यापासून मिथेन जवळजवळ होत नाही, पाणी जागच्या जागी उडून जाते आणि मागे मूठभर काळी माती उरते. घरच्या घरी खत करण्याचा आग्रह धरला जातो तो ह्या कारणाने.

वाड्यातून सदनिकेत

ह्या आग्रहात नवे काही नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ते अर्धे खरेही आहे. खेड्यातील घरामागे उकिरडा असे. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, अंगणातील केर आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले तेथे पडे. पावसाळ्यापूर्वी तो उपसून शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते असे म्हणतात. वस्तुतः ते दर वर्षी मृगाच्या आधी उघडत असे. उकिरडा ही केवळ घाण टाकण्याची जागा नव्हती. शेतातून घरात आलेले सत्त्व शेताला परत करणारी ती एक अर्थसंस्था होती.

ह्या देशी व्यवहाराला शास्त्राची बैठक देण्याचे काम इंदूरला झाले. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ ह्या काळात तेथील वनस्पती-संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसविली. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा ग्रंथ १९३१ साली निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. पुढे १९३९ च्या सुमारास डॉ. सी. एन. आचार्य यांनी शहराच्या कचऱ्यासाठी बंगलोर पद्धत सुचविली. लीबिग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच बजावले होते की, शहरे खेड्यांतील जमिनीचे सत्त्व खातात आणि ते परत न करता वाया घालवितात. लासलगावचा कांदा आणि जुन्नरची मेथी मार्केट यार्डातून पुण्याच्या घराघरांत येते. तिच्याबरोबर आलेले पालाश-स्फुरद परतीच्या प्रवासाला न लागता डेपोत जाऊन सडते. शेतकरी मात्र तेच पालाश परदेशातून आयात केलेल्या पोत्यातून विकत घेतो.

परंतु येथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. उकिरड्याला जागा लागे, गुरे लागत आणि ते काम करणारे हातही लागत. हे हात कोणाचे होते, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. घाण करणारा एक आणि ती उचलणारा जन्माने ठरलेला दुसरा, ही व्यवस्था उकिरड्याच्या इतिहासातून वगळता येत नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी सोनखताचे प्रयोग केले. त्यांच्या दृष्टीने खत हा शेतीचा विषय होताच, पण त्याहून अधिक तो आपली घाण आपण हाताळण्याचा विषय होता. सदनिकेत राहावयास गेलेल्या मध्यमवर्गाने गोठा आणि परसू सोडले; खरकट्याची किळस मात्र सामानाबरोबर नेली.

सदनिकेने आणखी एक केले. दाराबाहेर डबा ठेवला की घरापुरता कचरा संपतो, अशी समजूत तिने रुजविली. पाचशे चौरस फुटांच्या घरात, जेथे बाल्कनीसुद्धा काचा लावून खोलीत घेतलेली असते, तेथे उकिरडा कोठे करावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, तर पदार्थविज्ञानाच्या अंगाने शोधावे लागते.

लहान जागेची अडचण

इंदूर पद्धतीचा ढीग तापतो. जिवाणू काम करू लागले की त्याचे तपमान ५५-६० अंशांपर्यंत चढते. त्या उष्णतेत रोगजंतू मरतात, तणांचे बी निकामी होते आणि कुजण्याची क्रिया झपाट्याने होते. पण ही उष्णता टिकण्यासाठी ढीग निदान घनमीटरभर तरी हवा. बाल्कनीतील बादली २५-३० लिटरची. तिची उष्णता चारही बाजूंनी निघून जाते. बादलीतले खत हे म्हणून थंडे खत असते. ते सावकाश होते आणि त्यातून टोमॅटो-भोपळ्याची रोपे बिनधास्त वर येतात. महिनाभरात खत होते अशा जाहिरातींवर विसंबलेल्या गृहिणीची निराशा ठरलेली. अडीच-तीन महिने लागतात, असे आधीच सांगितले तर कितीतरी बादल्या अर्ध्यावर टाकल्या जाणार नाहीत. तीन महिने म्हणजे तीन बादल्या: एक भरती, दोन मुरत असलेल्या. तीन फूट लांब आणि फूटभर रुंद एवढ्या जागेत, भोके पाडलेल्या आणि झाकणाच्या तीन बादल्या किंवा खापराच्या कुंड्या मावतात. चार माणसांच्या घराला तेवढे पुरते.

बादल्या टाकल्या जातात त्या बहुधा तिसऱ्या आठवड्यात. वास सुटतो, चिलटे होतात, शेजारच्या काकू दार वाजवितात. दोष कचऱ्याचा नसून पाण्याचा असतो. कुजविणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारणतः २५ ते ३० भागास एक ह्या प्रमाणात लागते. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्र आणि पाणी अधिक, कर्ब कमी. ही तूट वाळलेल्या पानांचा चुरा, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा भुगा यांनी भरून निघते. एक वाटी ओले तर एक ते दोन वाट्या सुके, हा घरगुती हिशेब पुरेसा आहे. मूठभर माल हातात घेऊन पिळला तर एखादाच थेंब यावा; धार लागली तर पाचोळा घालावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे. आमरसाच्या आणि कलिंगडाच्या दिवसांत पाचोळा दुप्पट लागतो. मासे-मटणाचे अवशेष लहान बादलीत न टाकलेले बरे, कारण उंदरांना जिना चढता येतो.

गांडुळांचा बोलबाला मोठा आहे. पण गांडूळ हा लाडाचा कामगार आहे. पस्तीस अंशांवर तो मान टाकतो, मीठ-मसाला त्याला सोसत नाही, लिंबाच्या सालींचा त्याला तिटकारा. पश्चिमेकडील बाल्कनीत एप्रिल महिन्यात गांडुळे ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. साधे जिवाणू ह्या बाबतीत समजूतदार असतात. त्यांचे विरजण म्हणून पुड्या विकल्या जातात. वस्तुतः जुन्या खताची मूठ किंवा थोडे आंबट ताक तेच काम करते. दर महिन्याला दह्याचे विरजण दुकानातून आणणारी गृहिणी कोणी पाहिली आहे काय? मोठ्या सोसायट्यांनी लाखो रुपये मोजून घेतलेल्या विजेच्या यंत्रांची गोष्ट याहून शोचनीय. चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारी ही यंत्रे बहुधा अन्न वाळवून त्याचा भुगा करतात. कुंडीत घालून पाणी दिले की तो भुगा पुन्हा सडू लागतो. कुजण्याला लागणारा काळ विजेने विकत घेता येत नाही.

खरी जागेची अडचण बादलीची नाहीच. ती पाचोळ्याच्या पोत्याची आहे. बादलीला कोपरा मिळतो, पोत्याला मिळत नाही. आणि पाने झडतात माघ-फाल्गुनात, तर त्यांची निकड सर्वांत अधिक लागते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा काहीच वाळत नाही. पुण्याच्या रस्त्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्जन्यवृक्ष, पिंपळ, वड यांच्या पानांचे सडे पडतात. बंदी असूनही ते पदपथाच्या कडेला पेटविले जातात. ज्या इमारतीच्या दारात पाने जळत असतात, त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पानांवाचून कोणाची तरी बादली सडत असते. एकाचा रोग हेच दुसऱ्याचे औषध आहे. दोहोंची गाठ तेवढी पडत नाही. ही गाठ घालून देण्याचे काम ‘ब्राउन लीफ’ ह्या पुण्यातील उपक्रमाने हाती घेतले: ज्यांच्या आवारात पाने आहेत त्यांनी ती पोत्यांत भरून ठेवावी, ज्यांना हवीत त्यांनी न्यावी. बाजारपेठ असते ती अशी, पैशाचा संबंध न येताही. जिन्याखालची स्कूटर हातभर सरकली तरी इमारतीची चार पोती तेथे मावतील.

लहान जागेत मोठे काम होऊ शकते, याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी उसाची चिपाडे व घरचा कचरा यांवर गच्चीत भाजी पिकविण्याचा मार्ग दाखविला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी तोच गच्चीवर चालविला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहात हजारो कामगारांचे जेवण शिजे. तेथील कचऱ्यावर प्रीती पाटील यांनी २००२ पासून उपाहारगृहाच्या गच्चीतच फळझाडे व भाज्या उभ्या केल्या. ह्या प्रयोगांचा गौरव पुष्कळ झाला. त्यांचे अनुकरण का झाले नाही, ह्याची चर्चा मात्र कमी झाली.

हिशेब कोणाचा, लाभ कोणाला

त्याचे उत्तर हिशेबात आहे. चार माणसांच्या घरात दिवसाला पाऊण-एक किलो ओला कचरा निघतो असे धरू. वर्षाला तो २९० किलोंच्या आसपास जातो आणि त्यातून फार तर ५०-६० किलो खत हाती येते. किलोला वीस रुपये भाव धरला तरी उत्पन्न हजार-बाराशे रुपये. रोजची दहा मिनिटे म्हणजे वर्षाचे साठ तास. तासाला वीस रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. ‘कचऱ्यातून सोने’ असे मथळे देणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा. कुटुंबाच्या दृष्टीने घरगुती खत हा तोट्याचा धंदा आहे आणि मनुष्य तो करीत नाही यात त्याचा आळस कमी, व्यवहार अधिक आहे. शिवाय हे साठ तास कोणाचे, हेही विचारले पाहिजे. व्याख्यान ऐकून बादली घेऊन येतो तो पती. पाने कालविते ती पत्नी, किंवा पगारात एक पैसाही न वाढता तिच्या घरी भांडी घासणारी बाई.

लाभ होतो तो दुसरीकडे. पालिकेचा वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा खर्च वाचतो, डेपोशेजारच्या गावाची हवा आणि विहीर वाचते. खर्च एका घरात आणि लाभ साऱ्या नगरात, अशी स्थिती असली की ते काम केवळ उपदेशाने होत नाही. लाभाचा काही वाटा खर्च सोसणाऱ्याच्या दारात नेऊन पोहोचवावा लागतो. पुणे महापालिकेने हे तत्त्व ओळखले, हे तिच्या श्रेयात जमा केले पाहिजे. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी काही करणाऱ्यास मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देण्याची योजना तिने आणली. परंतु सवलत मिळते ती खड्डा असल्याबद्दल, खत झाल्याबद्दल नव्हे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. बिल्डर पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी पार्किंगच्या कोपऱ्यात विटांचे हौद बांधतो, त्यात पहिल्या वर्षी गांडुळे सोडली जातात आणि नंतर तेथे मोडक्या खुर्च्या जमा होतात. अर्थशास्त्राचा हा जुना धडा आहे: ज्याला दाम द्याल ते मिळते, आणि येथे दाम विटांना दिला गेला.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या मोठ्या संकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकली. शंभर सदनिकांचे संकुल त्यात सहज येते. पण पुण्याच्या पेठांतील आणि उपनगरांतील बारा-पंधरा बिऱ्हाडांच्या इमारती त्यातून सुटतात. नेमक्या तेथेच मैदान नाही, माळी नाही आणि यंत्राला पैसाही नाही. ज्यांना जागा आहे त्यांच्यासाठी नियम, ज्यांना नाही त्यांच्यासाठी केवळ भित्तिपत्रके, असा हा बेत आहे. त्याच वर्षी केंद्राने शहरी कंपोस्टच्या विक्रीस टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. परंतु मिश्र कचऱ्याच्या खतातून काच आणि प्लॅस्टिक निघते, हे एकदा अनुभवलेला शेतकरी दुसऱ्यांदा फिरकत नाही. घरच्या बादलीतील खत ह्या दोषापासून मुक्त असते. ज्या कुंडीत ते जाते त्या कुंडीतला कढीपत्ता आपल्याच आमटीत पडावयाचा असतो.

तेव्हा सवलतीची कसोटी बदलणे हा पहिला उपाय ठरतो. घर किंवा इमारत किती ओला कचरा पालिकेच्या हाती देते, त्यावर आकार बसावा. जे देत नाही त्याला त्या वजनाच्या वाहतुकीचा वाचलेला खर्च परत मिळावा, मग तो बादलीत मुरवो, कुंडीत मुरवो की जिन्याखालच्या समाईक पिंपात. समाईक पिंप सांभाळण्याचे काम त्या इमारतीत येणाऱ्या कचरावेचकांना वेगळा मोबदला देऊन सोपवावे. गृहिणीच्या साठ तासांचा प्रश्नही त्यामुळे हलका होईल. पुण्यात ‘स्वच्छ’ ह्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासदांनी अनेक ठिकाणी हे काम केलेले आहे. कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीच्या प्रयत्नांतून २००८ साली उभी राहिलेली ही संस्था दारोदार कचरा गोळा करण्यासाठी घरामागे शुल्क घेते. येथे एक सावधगिरी हवी. ओला कचरा कमी झाला म्हणून तिच्या सभासदांचे शुल्क कमी करण्याची टूम निघाली, तर कोथरूडचा भार फुरसुंगीवर लोटला गेला तसाच सदनिकेचा भार कचरावेचक स्त्रीच्या रोजीवर लोटला जाईल.

असा आकार बसवावयाचा तर वजने घ्यावी लागतील, घराघरांची नोंद ठेवावी लागेल आणि त्यासाठी यंत्रणा कोठून आणावी, असा आक्षेप पालिकेकडून येतो. मोठ्या संकुलांना वजनकाटा लागेल, हे खरे. लहान इमारतींना तोही नको. कोणत्या दारातून ओली बादली रोज येते, कोणत्या दारातून आठवड्याला एकदा आणि कोणत्या दारातून मुळीच येत नाही, हे त्या मजल्यांवर रोज सकाळी चढणाऱ्या कचरावेचक स्त्रीला आजही तोंडपाठ असते. तिच्या हाती एक वही देणे आणि त्या वहीतील नोंदीला मिळकतकराच्या खात्यात मान्यता देणे, एवढेच पालिकेला करावयाचे आहे.